चिंतोपंतांचं आरमार

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी चिंतोपंत उपासाची भगर पानात वाढून घेत होते, आणि नेमक्या त्याच वेळी देवासातल्या त्यांच्या घरी चोवीस लढाऊ जहाजं येऊन थडकली.

जहाजं धारहून आली, आणि उंटावरून आली. सरदार मानाजीरावांच्या सांडणीस्वाराने एक लाकडी पेटी ओसरीवर ठेवली, हातात पत्र दिलं, दोन तांबे पाणी ढोसलं आणि तो आल्या वाटेने निघून गेला. चिंतोपंतांनी भगर तशीच सोडून पत्र उघडलं.

'रा. रा. चिंतामणी मास्तर यांसी. विशेष. रूस व जपान यांचे समुद्रावरील युद्धाचा खेळ विलायतेहून मागविला आहे. जहाजे शिशाची असून बिनरंगाची आहेत. त्यांस पुस्तकात लिहिल्याबरहुकूम रंग देऊन, बैठकींवर बसवून, दसऱ्याचे आदले दिवशी समक्ष घेऊन यावे. दसऱ्यास महूचे मेजर साहेब खेळावयास येणार. काम मनास आल्यास आमचे शाळेतील ड्रॉइंग मास्तरचे जागेविषयी मंडळात शब्द टाकू. कळावे.'

'कळावे'च्या आधीचं वाक्य चिंतोपंतांनी तीनदा वाचलं. त्यांच्या पत्नी सुमंगलाबाईंनी दाराआडून चौथ्यांदा वाचायला लावलं.

त्याला कारण होतं. चिंतोपंत ज्या शाळेत चित्रकला शिकवत, त्या शाळेतून चित्रकला दिवाळीनंतर उठणार होती. मुलांना चित्रं काढून पोट भरता येत नाही, असं वरच्या मंडळींच्या ध्यानात आलं होतं. चिंतोपंतांचं मात्र त्यावरच भरत असल्यामुळे त्यांना हजेरीपट सांभाळण्याचं काम देऊ केलं होतं. मुंबईच्या ड्रॉइंगच्या दोन परीक्षा पहिल्या वर्गात उतरलेल्या माणसाने उरलेलं आयुष्य 'हजर' आणि 'गैरहजर' असं लिहीत काढायचं, या विचाराने चिंतोपंतांना महिनाभर झोप नव्हती. आणि आता दारात जहाजं उभी होती.

ते साल एकोणीसशे पाचचं. त्या उन्हाळ्यात जपानने रशियाचं अख्खं आरमार बुडवलं होतं, आणि त्याचा आनंद माळव्यात असा काही झाला होता की विचारू नका. जपान पूर्वेला की पश्चिमेला हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनीही पेढे वाटले होते. तेव्हा सरदारांनी हा खेळ मागवावा यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की ज्या माणसाने नर्मदेपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, त्याच्यावर हे आरमार सजवायची पाळी आली होती.

पेटी उघडली. कापसात गुंडाळलेली बोटभर लांबीची जहाजं, अर्धी एका बाजूला, अर्धी दुसऱ्या बाजूला. नागडी, करडी, जड. तोफा टाचणीएवढ्या. सोबत एक इंग्रजी पुस्तक.

"बाई गं, किती गोजिरवाणी!" सुमंगलाबाई म्हणाल्या.

"युद्धनौका आहेत त्या," चिंतोपंत गंभीरपणे म्हणाले. "गोजिरवाणी म्हणायचं नसतं."

संध्याकाळपर्यंत बातमी दोन्ही संस्थानांत पसरली. देवासची तऱ्हा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की गाव एक आणि राज्यं दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती. चिंतोपंतांचं घर धाकट्या पातीत, आणि समोरच्या मोरोपंतांचं थोरल्या पातीत. मध्ये आठ हात रस्ता. त्यामुळे मोरोपंत सल्ला द्यायला येत, तेव्हा तो परराज्यातून आलेला असे आणि त्याला तसाच मान द्यावा लागे. मोरोपंत पेन्शनीत निघालेले फडणिशीतले कारकून. तरुणपणी एकदा मुंबईला जाऊन आले होते, आणि त्या भांडवलावर गेली तीस वर्षं समुद्राविषयी बोलत होते.

"चिंतोपंत, समुद्राचा रंग काय द्यायचा ठरवलाय?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"निळा."

मोरोपंत दयेने हसले. "निळा! मी स्वतः चौपाटीवर उभं राहून पाहिलाय. आषाढात गेलो होतो. रंग म्हणाल तर हळद घातलेलं ताक. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही."

शेजारच्या यमुनाबाई द्वारकेला जाऊन आल्या होत्या. त्यांनी भिंतीपलीकडूनच आवाज दिला, "काहीतरीच काय सांगता मोरोपंत! मोरचुदासारखा हिरवानिळा असतो. मी तीन दिवस न्हाले आहे त्यात."

"तुम्ही न्हालात, मी पाहिला," मोरोपंत म्हणाले. "न्हाताना माणसाचे डोळे मिटलेले असतात."

या एका प्रश्नावरून दोन्ही घरांमधला विरजणाचा व्यवहार आठ दिवस बंद पडला. शेवटी चिंतोपंतांनी शाळेतला नकाशा आणला आणि त्यात जपानजवळचा समुद्र होता तसा फिकट आस्मानी रंग पक्का केला. यमुनाबाई आणि मोरोपंत दोघेही रुसले, म्हणजे निर्णय निःपक्षपाती झाला.

खरी अडचण होती ती पुस्तकाची. चिंतोपंतांचं इंग्रजी हे परीक्षेपुरतं. त्यांनी हेडमास्तरांकडून कोश मागून आणला. कोश चांगला जाडजूड होता, फक्त 'जी' अक्षरापासून 'आय'पर्यंतची पानं वाळवीने वाचून संपवली होती. बैठकीला पुस्तकात 'बेस' असा शब्द होता. त्याचे कोशात दोन अर्थ सापडले: एक, पाया, बैठक; दोन, नीच, हलकट. चिंतोपंतांनी पूर्ण विचारांती दुसरा अर्थ सोडून दिला.

रंगांविषयी पुस्तकात मोजून दोन ओळी होत्या. जपानी जहाजं सगळी राखी. रशियन जहाजांचे 'हल' काळे, 'फनेल' पिवळे. कोशात फनेल सापडलं: नरसाळं. पण हल नेमका वाळवीच्या पोटात गेलेला.

"यात कोश कशाला लागतो?" मोरोपंत म्हणाले. ते रुसवा सोडून पुन्हा आले होते. सल्ला देण्यावाचून राहणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. "हल म्हणजे नांगर. शुद्ध संस्कृत. इंग्रजांनी इथूनच उचलला. आणि जहाजाला नांगर असतोच की नाही?"

एवढं बिनतोड उत्तर चिंतोपंतांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांनी एका केसाच्या कुंचल्याने बारा रशियन जहाजांचे तिळाएवढे नांगर काळे केले. त्याला पाच दिवस लागले, आणि डोळे इतके दुखले की शाळेत त्यांना दोन दोन हेडमास्तर दिसू लागले. मग नरसाळी शोधायला घेतली. ती काही सापडेनात. मोरोपंतांचं म्हणणं, जहाजात तेल ओतायला नरसाळं असतंच, पण ते तळघरात ठेवत असतील. बाकीचं जहाज कोणत्या रंगाचं याविषयी पुस्तक गप्प होतं. तेव्हा चिंतोपंतांनी घरात असलेला रंग वापरला. घरात रंग होता तो गणपतीच्या पितांबरासाठी आणलेला.

बारा रशियन युद्धनौका पितांबर नेसून ओळीने उभ्या राहिल्या. सुमंगलाबाई पुष्कळ वेळ पाहत होत्या. मग त्यांनी पुस्तकातलं शाईचं चित्र उघडलं, जहाजाशेजारी धरलं आणि म्हणाल्या, "ऐकलं का? मला इंग्रजी येत नाही. पण या चित्रात सबंध धूडच काळं केलंय. आणि ही धुराची नळकांडी तेवढी कोरी ठेवलीत. ती पिवळी असतील का?"

चिंतोपंतांनी चित्र पाहिलं. जहाज पाहिलं. पुन्हा चित्र पाहिलं. तीन आठवडे चित्रकलेच्या मास्तरांनी पुस्तकातला शब्द न शब्द वाचला होता. चित्राकडे तेवढं लक्ष गेलं नव्हतं.

"मी तेच करणार होतो," ते म्हणाले. "हा आतला हात होता."

पितांबरावर काळं चढलं, नळकांडी पिवळी झाली, आणि काय सांगावं, जहाजं अशी उठून दिसू लागली की मोरोपंतसुद्धा गप्प झाले. फक्त जाताना म्हणाले, "नांगर काळे केले ते बरं झालं. नाहीतर आता पुन्हा करावे लागले असते."

पण भाद्रपदाच्या दमट हवेत तेलाचा रंग वाळेना. चिंतोपंतांनी जहाजं माळवदावर उन्हात मांडली आणि स्वतः छत्री घेऊन पहाऱ्याला बसले. देवासला टेकडीवर देवीचं ठाणं आहे आणि टेकडीवर वानरं आहेत. देवी क्वचितच खाली येते, वानरं रोज येतात. चिंतोपंतांना क्षणभर डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा एक थोराड वानर जपानी सेनापतीचं जहाज हातात घेऊन त्याचा वास घेत होतं. चिंतोपंत ओरडले. वानर कडुनिंबावर गेलं. खाली सगळी आळी जमली.

"केळं दाखवा!" यमुनाबाई म्हणाल्या.

"पाठ करा, पाठ करा त्याच्याकडे! पाहिलं की ते चेवतं," मोरोपंत आपल्या राज्यातून ओरडले.

वानराने जहाज चावून पाहिलं. शिसं त्याला रुचलं नाही. त्याने तोंड वेंगाडलं आणि जपानचा सेनापती सरळ मोरोपंतांच्या पत्र्यावर भिरकावून दिला. एक डोलकाठी वाकली तेवढीच. ती चिंतोपंतांनी चिमट्याने सरळ केली. पण त्या दिवसापासून जहाजं दाराला आतून कडी लावून, खोलीतच वाळली. खोलीत झोपणारी माणसं ओसरीवर गेली.

आता राहिल्या बैठका. त्यांच्यासाठी भगवंत सुताराला बोलावलं. चिंतोपंतांनी त्याला माप दिलं, सागवानाची फळी दिली आणि समजावलं, "यावर जहाज बसवायचं. नीट बैठक पाहिजे, देखणी." भगवंत म्हणाला, "फिकर मत करो मास्तर, म्हारे सब मालम है." आठ दिवसांनी तो टोपली घेऊन आला. टोपलीत चोवीस चौरंग होते. प्रत्येकाला चार कातीव पाय, कडेला नक्षी, कोपऱ्यात कमळ.

"बसवायचं म्हणजे चौरंगावरच बसवायचं ना?" भगवंत म्हणाला. "मैंने तो गणपती का माप थोडा छोटा करके..."

चौरंगावर मांडलेलं आरमार क्षणभर डोळ्यांसमोर आलं आणि चिंतोपंतांनी पाय कापायला सांगितले. पाय कापायला भगवंत तयार होईना. देवाचं आसन तोडलं तर पाप कोणाच्या माथी? शेवटी ते पाप सुमंगलाबाईंनी आपल्या माथी घेतलं, तेव्हा कुठे करवत चालली. कमळं मात्र राहिली. चिंतोपंतांनी त्यांच्यावर आस्मानी रंग देऊन त्यांच्या लाटा केल्या, आणि त्या लाटा पुढे सगळ्यांना आवडल्या. मग कुंचल्याचं टोक जुळवत प्रत्येक बैठकीवर जहाजाचं नाव लिहिलं, सरस कढवला, आणि एकेक जहाज त्यात बसवून वरून वजन ठेवलं. सरस असा धरला की ओढूनही निघेना. चिंतोपंत स्वतः ओढून पाहत होते, दिवसातून चार वेळा.

नवरात्रात, अष्टमीच्या पहाटे, दोघं निघाले. धारला सुमंगलाबाईंची मावशी होती, तिच्याकडे उतरायचं होतं. इंदूरपर्यंत टांगा, पुढे बैलगाडी. पेटीवर चिंतोपंतांनी आपल्या उत्तम वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'लढाऊ जहाजे, नग २४'. हे लिहायला नको होतं. पण दोन महिने ज्याने टाचणीएवढ्या तोफा रंगवल्या, त्याला एकदा तरी मोठ्या अक्षरात काही लिहावंसं वाटणारच.

वाटेत एका संस्थानाचं जकातीचं नाकं लागलं. संस्थानाचं नाव सांगत नाही. उगाच कोणाला वाईट वाटायला नको. नाकेदार नवरात्रासाठी सासुरवाडीला गेलेला, आणि त्याच्या जागेवर शालिग्राम नावाचा कारकून बसलेला होता. स्वभावाने गरीब, चेहऱ्याने झोपाळू, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एकट्याच्या जिवावर राज्य चालवत असल्यामुळे अतिशय सावध.

"पेटी में कंई है, भिया?"

"लढाऊ जहाजं," चिंतोपंत म्हणाले.

शालिग्रामने पेटीवरची अक्षरं वाचली. रजिस्टर उघडलं. पानं मागे-पुढे करून रकाने तपासले. "अनाज है, कपड़ा है, घी है, ढोर है, खिलौना है. जहाज को खानो नी है म्हारे रजिस्टर में. खिलौना लिख दूँ?"

इथे 'हो' म्हटलं असतं तर गोष्ट संपली असती. सुमंगलाबाई 'हो' म्हणायला तोंड उघडतच होत्या. पण चिंतोपंतांच्या मानेची शीर ताठ झाली.

"खेळणी? हम चित्रकला का मास्तर है, खेळणीवाला नहीं! दो महिना आंख फोडके काम किया है. ये बराबर युद्धनौका है!"

"तोप है इन पे?"

"आहे म्हणजे? मोठ्या जहाजावर चार बडी, बारा छोटी! मोज के देखो!"

सुमंगलाबाईंनी पदराआडून चिमटा काढला, पण तोफा सुटून गेल्या होत्या. शालिग्रामने लेखणी खाली ठेवली. आता त्याची झोप पुरती उडाली होती. तोफा असलेलं काहीही वरच्या साहेबाच्या मंजुरीशिवाय हद्दीत घेता येत नाही, हे त्याला पाठ होतं. त्याने तोफांचा हिशेब मांडायला घेतला आणि शंभराच्या पुढे गेल्यावर रजिस्टरच मिटून टाकलं.

"चार दिन रुकनो पड़ेगो, भिया. नाकेदार साब आएगा, कागद ऊपर जाएगा."

दसरा परवावर आला होता. चिंतोपंतांच्या तोंडचं पाणी पळालं. आता 'खिलौना, खिलौना' असं ते म्हणू लागले, पण शालिग्राम म्हणाला, एकदा तोफ कबूल केली की खिलौना होत नाही.

तेव्हा सुमंगलाबाई पुढे झाल्या. "भैया, जहाज असेल तर पाण्यावर तरंगेल. नसेल तर बुडेल. पाणी में डालके देखो ना. ये तो नुसतं शिसं है."

हा न्याय शालिग्रामला पटला. जमलेल्या गाडीवानांनाही पटला. नाक्यासमोर बैलांना पाणी प्यायचा दगडी हौद होता. शालिग्रामने पेटीतलं सगळ्यात मोठं जहाज उचललं आणि दोन्ही हातांनी पाण्यावर सोडलं.

जहाज तरंगलं.

सागवानाची बैठक तरंगणारच, हे ना सुमंगलाबाईंच्या लक्षात आलं होतं ना चिंतोपंतांच्या. "तैर गियो!" गाडीवान ओरडले. कोणी टाळ्या वाजवल्या. शालिग्रामचा चेहरा पांढराफटक पडला. आणि चिंतोपंत? खोटं कशाला सांगा, संकट विसरून ते दोन पावलं पुढे गेले. समुद्रापासून शेकडो मैलांवर, माळव्याच्या काळ्या मातीत, बैलांच्या हौदात त्यांचं जहाज डौलात उभं होतं. वाऱ्याने ते किंचित वळलं, आणि पिवळी धुराडी उन्हात चमकली. "पाहिलंस?" ते हळूच म्हणाले. सुमंगलाबाईंनी कपाळाला हात लावला होता.

इतक्यात एका बैलाने हौदात तोंड घातलं. पाणी हिंदकळलं. सरस लाकडाला कितीही घट्ट धरत असला तरी पाण्याला सरसाचा गुण ठाऊक असतो. जहाज कललं, बैठकीवरून घसरलं आणि बुडुक करून तळाला गेलं. लाटा रंगवलेली फळी तेवढी वर तरंगत राहिली.

शालिग्रामने डोकं खाजवलं. "आधो डूब्यो, आधो तैर्यो." बराच वेळ विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला. त्याला रजिस्टरातली वाट सापडली होती. "डूब्यो वो सीसो. तैर्यो वो लकड़ी. सीसा चौबीस नग, लकड़ी चौबीस नग. दोनों को खानो है म्हारे कने. पण भेळा नी चाले, माटसाब. न्यारा-न्यारा करो."

चिंतोपंतांना आधी कळलंच नाही. जहाजं आणि बैठका सुट्या करायच्या हे कळलं तेव्हा त्यांनी हौदाच्या काठावर बसकण मारली. पण दुसरा इलाज नव्हता. गाडीवानांनी चुलीवर पाणी तापवलं. ओढूनही न निघणारा सरस गरम पाण्याच्या फडक्याने तासाभरात सुटला. गाडीवान मोठे मायेचे निघाले. एकेक जहाज सोडवून "लो माटसाब, इनकी बी छुट्टी" म्हणत हातात देत होते. जहाजं एका गाठोड्यात, बैठका दुसऱ्या गाठोड्यात. शालिग्रामने जातीने गाडी हद्दीपार करून दिली आणि रामराम केला. त्याच्याही जिवावरचं आरमार टळलं होतं.

नवमीच्या दुपारी चिंतोपंत धारला सरदारांच्या दिवाणखान्यात उभे राहिले. सुमंगलाबाई मावशीकडे. समोर मानाजीराव: साठीचे, पांढऱ्या कल्ल्यांचे, आवाज असा की बोलले की हंड्या-झुंबरं किणकिणत. चिंतोपंतांनी वाटभर एक सबब रचली होती. ती त्यांना तोंड उघडल्याबरोबर विसरायला झाली. मग त्यांनी एका दमात सगळंच सांगून टाकलं: नांगर, पितांबर, वानर, चौरंग, हौद, सीसो, लकड़ी. सांगून झाल्यावर मान खाली घालून उभे राहिले.

सरदारांनी हुजऱ्याला बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "मास्तर, तुम्ही ते पुस्तक वाचलंत?"

"अथपासून इतिपर्यंत, सरकार. कोश घेऊन. तीनदा."

"सगळं? खेळायचं कसं, तेसुद्धा?"

"हो सरकार."

सरदारांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की चिंतोपंत दचकले. "आम्हांला त्यातलं काही ठाऊक नाही. मेजर साहेबासमोर तोंडातून निघून गेलं, की आम्ही जपानच्या बाजूने लढू, तुम्ही रूसच्या. तो म्हणाला, येतो. दोन महिने आमच्या घशाखाली अन्न उतरत नाही. उद्या चारचौघांत फजिती. मास्तर, उद्या तुम्ही पंच. तुम्ही सांगाल ते आम्ही करू."

त्या दुपारी चिंतोपंतांनी मेण घेऊन एकेक जहाज बैठकीवर परत बसवलं. नावं बैठकींवर होती, जहाजांवर नव्हती, आणि बारा काळी जहाजं सारखीच दिसत. पण चिंतोपंतांनी हात लावताच ओळखलं, कोण कोणाचं.

दसऱ्याला मेजर साहेब आला. तांबडा, उंच, मिशा मेण लावलेल्या. जाजमावर निळ्या खडूचा समुद्र आणि त्यावर दोन्ही आरमारं पाहून तो उंबरठ्यातच थबकला. चिंतोपंतांना वाटलं, चूक सापडली. साहेबाने सरदारांना नमस्कार केला, मग पंच कोण ते विचारून चिंतोपंतांना खिडकीपाशी घेतलं.

"मास्टर, हम घोडे का पलटनवाला है," तो खालच्या आवाजात म्हणाला. "विलायत से आया तब जहाज पर सब दिन बीमार था. हमने जहाज का अंदर सिर्फ बाल्टी देखा. सरदार साब तो बहुत जानता होगा?"

चिंतोपंतांनी एकदा सरदारांकडे पाहिलं, एकदा साहेबाकडे. "साहेब," ते म्हणाले, "दोनों बराबर है."

खेळ सुरू झाला. जहाजं वेताच्या काडीने मोजून पुढे सरकवायची. गोळा डागायचा तो असा: प्रत्येक जहाजाचं चित्र पुठ्ठ्यावर काढलेलं, आणि टोकाला टाचणी बसवलेली एक काठी. काठी पुठ्ठ्यावर मारायची; टाचणी टोचेल तिथे गोळा लागला. पाण्याच्या रेषेखाली तीन भोकं पडली की जहाज बुडालं. हे सगळं चिंतोपंतांनी मराठीत एकदा आणि आपल्या हिंदीत एकदा सांगितलं. सुरुवातीला ते हात जोडून सांगत होते. तासाभराने ते जाजमावर गुडघे टेकून "सरकार, तितकं नाही, दोन काड्या मागे घ्या" असं म्हणत होते आणि सरदार मुकाट्याने मागे घेत होते. दिवाणखान्यातली मानकरी मंडळी माना लांब करून पाहत होती. घोडे पलटणीचा साहेब कोट काढून पालथा पडला होता.

आणि मग तो प्रसंग आला. जपानच्या सेनापतीच्या जहाजाला रेषेखाली दोन भोकं पडलेली. साहेबाने काठी मारली. टाचणी टोचली ती नेमकी रेषेपाशी.

"वर!" सरदार म्हणाले.

"नीचे!" साहेब म्हणाला.

"वरच आहे!" मंडळी एका सुरात म्हणाली, त्यांनी पुठ्ठा पाहिलाही नव्हता.

सगळ्यांनी चिंतोपंतांकडे पाहिलं. चिंतोपंतांनी पुठ्ठा हातात घेतला. जपान बुडवायचं म्हणजे अख्ख्या माळव्याच्या पेढ्यांवर पाणी. त्यातून ते जपान सरदारांचं, आणि शाळेची जागा सरदारांच्या हातात. 'वर' म्हटलं की काम झालं. साहेबही काही बोलणार नव्हता. चिंतोपंतांनी पट्टी काढली, रेषेला लावली आणि पुठ्ठा उजेडाकडे धरला. भोक पट्टीच्या खाली होतं. केसभर, पण खाली.

त्यांनी आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर एकच गोष्ट पाहिली होती, रेघ. इतर बाबतींत ते थोडं फार इकडे-तिकडे बोलले असते. पण रेघेच्या बाबतीत त्यांची जीभ वळेना. त्यांनी प्रयत्न करून पाहिला, अगदी मनापासून. वळेचना.

"सरकार," ते म्हणाले, "खाली आहे. आपलं जहाज बुडालं."

सरदारांनी हात पुढे केला. पुठ्ठा घेतला, पट्टी घेतली, स्वतः लावून पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली. मग दोन बोटांनी आपल्या सेनापतीचं जहाज उचललं आणि जाजमाबाहेर ठेवलं.

"बुडालं," ते म्हणाले. मग मंडळींकडे वळून, "या दिवाणखान्यात तीस वर्षं आम्ही म्हणू ते वर आणि आम्ही म्हणू ते खाली. दर वेळी ते तसंच असेल, असं आम्हांला नव्हतं वाटत. पण पट्टी लावून कोणी दाखवलं नव्हतं." चिंतोपंतांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी पट्टी खिशात घातली. "मास्तर, मंडळाला आम्ही आजच सांगतो. पोरांना रेघ शिकवायला असाच माणूस हवा. दिवाळी झाली की या. आता पुढची चाल कोणाची?"

खेळ संध्याकाळच्या सीमोल्लंघनाच्या वेळेपर्यंत चालला. शेवटी दोघांचीही बहुतेक जहाजं बुडाली, आणि सरदार आणि साहेब एकमेकांना आपट्याची पानं देताना असे हसत होते की कोणी पाहिलं तर म्हणावं, जिंकले दोघेही.

चिंतोपंत बाहेर आले. सुमंगलाबाई मावशीच्या घरून टांगा घेऊन फाटकाशी येऊन थांबल्या होत्या. नवऱ्याची पगडी एका कानावर आलेली, गुडघ्यांना निळा खडू लागलेला, आणि चेहऱ्यावर काय आहे ते ओळखू येईना.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"जपान बुडालं."

"अगं बाई! आणि आपण?"

चिंतोपंत टांग्यात चढले, पगडी काढून मांडीवर ठेवली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा पाठ टेकून बसले.

"आपण तरलो," ते म्हणाले.